जुन्या भागाची अनामत

अमेरिकेतील कोणत्याही गावी, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात एखादा गृहस्थ अल्टरनेटर घेण्यास गेला, म्हणजे त्याच्या पावतीवर दोन रकमा छापून येतात. पहिली रक्कम अल्टरनेटरची किंमत असते. दुसरी तिच्याहून लहान, पण सहज सोडून द्यावी इतकीही लहान नसलेली, अशी असते. आणि ती कशाची, हे नव्या गिऱ्हाइकाला बहुधा विचारावे लागते. काउंटरवरचा मनुष्य त्याला सांगतो, की ही रक्कम किंमत नव्हे, ती अनामत आहे. गाडीतून काढलेला जुना अल्टरनेटर, मग तो जळालेला असो की गंजलेला, ह्याच दुकानात आणून द्यावा आणि ही रक्कम परत न्यावी. त्या जुन्या, निकामी भागाला तिकडच्या व्यवहारात ‘कोअर’, म्हणजे गाभा, असे नाव आहे आणि ह्या रकमेला ‘कोअर चार्ज’ असे म्हणतात.

अनामतीची ही कल्पना मराठी श्रोत्यांना अपरिचित नाही. गोळीसोड्याची बाटली दुकानातच रिकामी करून परत द्यावी लागे, घरी न्यावयाची झाल्यास तिच्यापोटी काही पैसे ठेवावे लागत. मुंबईत आरेच्या दुधाची काचेची बाटली रिकामी दिल्यावाचून भरलेली हाती पडत नसे. स्वयंपाकघरातील गॅसचे सिलिंडर तर आजही ह्याच न्यायाने घरी येते: जोडणीच्या वेळी अनामत भरावयाची, आणि पुढे रिकामे द्यावयाचे व भरलेले घ्यावयाचे. परंतु ह्या साऱ्या उदाहरणांत परत जाणारी वस्तू धडधाकट असते. बाटली धुतली की पुन्हा भरता येते, सिलिंडर तपासले की पुन्हा चालते. मोटारीतून काढलेला अल्टरनेटर मात्र मेलेलाच असतो, मेला म्हणून तर तो काढला. अशा मेलेल्या भागासाठी दुकानदाराने एवढा आग्रह का धरावा?

त्याचे उत्तर झीज कोठे होते, ह्यात आहे. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना वीज निर्माण करणारे आणि बॅटरी भरत ठेवणारे यंत्र. ते बंद पडते तेव्हा सगळेच्या सगळे बंद पडत नाही. कार्बनचे ब्रश घासून आखूड झालेले असतात, बेअरिंग खडखडू लागलेले असते, क्वचित विजेचा प्रवाह एका दिशेने वळविणारे डायोड जळालेले असतात. परंतु बाहेरचे ओतीव कवच, आतला पोलादी दांडा, तांब्याची गुंडाळी ह्यांपैकी पुष्कळसा ऐवज जसाच्या तसा असतो. ब्रेकच्या कॅलिपरचे तर ह्याहून स्पष्ट आहे. त्यातील रबरी सील कुजतात, पिस्टनला गंज चढतो. लोखंडी ओतकामाला मात्र दहा-पंधरा वर्षांत काही होत नाही. बेळगावच्या आसपास फाउंड्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको. वाळूचा साचा बांधणे, लोखंड वितळविणे, ओतणे, थंड झाल्यावर फोडणे, मग लेथवर व ड्रिलवर चढवून सुताएवढाही फरक न ठेवता तासणे, एवढे सगळे होते तेव्हा ते ओबडधोबड दिसणारे कवच तयार होते. जुना भाग परत आला, तर हे सर्व श्रम, हा कोळसा, ही वीज, ही वाळू एकदा वाचते. कारखान्यात तो भाग सुटा केला जातो, धुतला जातो, झिजलेले तेवढे काढून नवे बसविले जाते, परीक्षा घेतली जाते आणि नव्या खोक्यात घालून तो पुन्हा दुकानाच्या फळीवर येतो. अमेरिकन दुकानातून विकले जाणारे अल्टरनेटर, स्टार्टर आणि कॅलिपर ह्यांत असे पुन्हा बांधलेले भाग पुष्कळ असतात. तेव्हा गिऱ्हाइकाने परत दिलेला जुना भाग हा त्या कारखान्याचा कच्चा माल आहे. तो परत आला नाही, तर कारखान्याला खाण आटल्यासारखे होते.

हा धंदा टंचाईत वाढला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुटे भाग पुन्हा बांधणाऱ्या अमेरिकन कारखानदारांची संघटना १९४१ साली स्थापन झाली. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, युद्धासाठी तिकडच्या कारखान्यांनी खासगी मोटारी बनविणे थांबविले. नवी गाडी मिळेना, नवा भाग मिळेना. तेव्हा जुनी गाडी चालती ठेवणे एवढाच मार्ग राहिला आणि झिजलेला भाग कोणी फेकीनासे झाले. युद्ध संपल्यावर फ्रान्समध्येही हीच निकड होती. रेनो कंपनीने पॅरिसजवळ श्वाझी-ल-र्वा येथे १९४९ साली जुनी इंजिने पुन्हा बांधण्याचा कारखाना काढला आणि तो पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ चालला. भरभराटीच्या दिवसांतही ही पद्धत मोडली नाही, कारण तोवर तिच्यात नफा आहे हे सर्वांस कळून चुकले होते.

आपल्याकडे ह्या पद्धतीला फारसे मूळ धरता आले नाही, आणि त्याला कारण आहे. तिकडे मजुरी महाग, म्हणून मिस्त्री भाग उघडून दुरुस्त करीत बसत नाही. जुना काढतो, दुसरा बसवितो. आपल्याकडे स्टार्टर बिघडला, तर ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर तोच स्टार्टर उघडला जातो, त्याचे आर्मेचर पुन्हा गुंडाळले जाते, नवे ब्रश पडतात, आणि गाडीचा मालक समोर स्टुलावर बसून हे सारे पाहत असतो. आपलाच भाग आपल्यालाच परत मिळाल्यावर अनामतीचा प्रश्न उरत नाही. मोठ्या वाहनांच्या बाबतीत मात्र अलीकडे आपल्याही देशात अदलाबदलीची रीत आली आहे. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ ह्या नावाने पुन्हा बांधलेली इंजिने व इतर भाग जुन्याच्या बदल्यात देते. ट्रक एक दिवस उभा राहिला तरी मालकाचे भाडे बुडते, त्यामुळे दुरुस्तीची वाट पाहण्यापेक्षा अदलाबदल त्याला परवडते.

अमेरिकन दुकानातील ह्या परताव्याचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पावती हवी. जुना भाग शक्यतो नव्या भागाच्याच खोक्यात घालून आणावा, म्हणजे तो नेमका कोणता हे ओळखता येते. त्यातील तेल काढून टाकलेले असावे. भाग विकला त्याच जातीचा असावा. फोर्डचा घेऊन टोयोटाचा परत देता येत नाही. कवच तडकलेले असता कामा नये, आणि आतील तुकडे काढून घेतलेले तर मुळीच चालत नाहीत. पुष्कळ गिऱ्हाइकांना हा शेवटचा नियम जाचक वाटतो. पैसे भरून घेतलेली वस्तू, ती उघडून पाहण्याचा हक्क नाही काय, असा वाद काउंटरवर होतो. परंतु कारखान्याच्या बाजूने पाहिले, तर तडकलेले कवच पुन्हा बांधता येत नाही आणि अर्धा भाग म्हणजे भागच नव्हे. दुकानदार येथे कठोर दिसला तरी तो चुकत नाही.

गमतीची गोष्ट अशी, की ज्यांच्या गाडीतील जुना भाग हरवला किंवा मोडून गेला, असे काही लोक अनामत बुडू नये म्हणून भंगारच्या आवारात जाऊन तसाच दुसरा निकामी भाग थोडक्या पैशांत विकत घेतात आणि तो दुकानात देतात. मेलेल्या वस्तूला बाजार आणण्याची ही अनामतीची करामत आहे. आणि उलट, कित्येकांचा जुना भाग महिनोन् महिने गाडीच्या डिकीत किंवा गराजच्या कोपऱ्यात पडून राहतो, पावती सापडत नाही, मुदत टळते, आणि अनामत दुकानाकडेच राहते. आळसाचा दंड म्हणून ती बरी मोठी पडते.

हा झाला अल्टरनेटरचा व्यवहार. तो नाही जमला, तर फार तर थोडे लोखंड आणि तांबे वाया जाईल. परंतु त्याच काउंटरवर, त्याच पावतीने, आणखी एक वस्तू परत येते आणि तिच्या बाबतीत गोष्ट इतक्यावर थांबत नाही. ती वस्तू म्हणजे मोटारीची बॅटरी.

मध्यम आकाराच्या मोटारीची बॅटरी वजनाला सुमारे पंधरा किलो भरते, आणि त्या वजनाचा अर्ध्याहून अधिक वाटा शिशाचा असतो. प्लॅस्टिकच्या पेटीत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, आणि त्या बुडतील एवढे पातळ केलेले गंधकाम्ल. बॅटरी निकामी होते तेव्हा ह्यांतील शिसे कोठे जात नाही. ते सारेच्या सारे पेटीतच असते. शिशाचा एक गुण असा, की ते कितीही वेळा वितळवून घ्या, शुद्ध केले की पुन्हा पहिल्यासारखे कामास येते. ते ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणजे मोठ्या भट्टीचीही आवश्यकता नाही. कोळशाची शेगडी आणि लोखंडी कढई पुरते. हा गुण कारखानदाराच्या दृष्टीने वरदान आहे. पुढे जे सांगावयाचे आहे, त्या दृष्टीने तोच घातक आहे.

अमेरिकेत बॅटरीची अनामत केवळ दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेली नाही. पुष्कळ राज्यांनी ती कायद्याने ठरविली आहे. न्यूयॉर्क राज्यात जुनी बॅटरी न देता नवी घेणाऱ्याकडून पाच डॉलर घ्यावयाचे, मिनेसोटात निदान दहा डॉलर, आणि तीस दिवसांत जुनी आणून दिली की ते परत करावयाचे, असा कायदा आहे. प्रत्यक्षात दुकाने ह्याहून अधिक, वीस डॉलरच्या आसपास, घेतात. जुनी बॅटरी खरेदीच्या वेळीच हातात घेऊन येणाऱ्याला काहीच भरावे लागत नाही. जर्मनीत १९९८ पासून हीच पद्धत कायद्याने आली. तेव्हा पंधरा मार्क अनामत होती, युरो आल्यावर ती साडेसात युरो झाली.

परिणाम काय झाला, हे आकड्यांवरून दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ सालासाठी दिलेल्या आकड्यांप्रमाणे तिकडे शिशाच्या बॅटऱ्यांपैकी ९९ टक्के पुनर्वापरासाठी परत गेल्या. त्याच देशात, त्याच वर्षी, प्लॅस्टिकच्या पाण्याच्या व पेयांच्या बाटल्यांचे प्रमाण होते अवघे २९ टक्के. दोन्ही वस्तू हाताळणारी माणसे तीच. बॅटरी परत करताना ती अधिक सज्जन होतात असे मानण्याचे कारण नाही. शिशाला भाव आहे, बॅटरी बदलणे बहुधा दुकानातच होते, आणि त्यावर अनामतीची गाठ मारलेली आहे, म्हणून ती परत येते. २०१३ च्या अखेरीस मिसुरी राज्यातील हर्क्युलेनियम येथील भट्टी बंद झाली. खाणीतील खनिजापासून शिसे गाळणारी त्या देशातील ती शेवटची मोठी भट्टी होती. त्यानंतर अमेरिकेत जे शिसे गाळले जाते, ते जुन्या शिशातूनच, मुख्यतः परत आलेल्या बॅटऱ्यांतून. एवढ्या मोठ्या देशाची शिशाची खाण आता सुट्या भागांच्या दुकानातील काउंटर ही आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच होईल.

परंतु काउंटरच्या पलीकडे काय, हा प्रश्न अनामत विचारीत नाही. ती वस्तूला घरातून दुकानापर्यंत आणते. पुढचा प्रवास तिच्या हातात नसतो. लॉस एंजेलिस शहराला लागून असलेल्या व्हर्नन येथे १९२२ पासून शिसे गाळण्याचा एक कारखाना होता आणि पुढे तेथे जुन्या बॅटऱ्या मोठ्या प्रमाणावर फोडल्या जात. गिऱ्हाइकांनी प्रामाणिकपणे परत केलेल्या बॅटऱ्यांचेच ते ठिकाण. २०१५ साली तो कायमचा बंद करण्यात आला, तेव्हा सुमारे पावणेदोन मैलांच्या परिसरातील जवळजवळ दहा हजार घरांच्या व इतर जागांच्या मातीचा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. २०२० मध्ये कारखान्याच्या कंपनीने दिवाळखोरीच्या न्यायालयातून ती जागा सोडून दिली, आणि साफसफाईचा भार करदात्यांवर आला. दुसरे उदाहरण मेक्सिकोचे. अमेरिकेने २००८ साली हवेतील शिशाची मर्यादा पूर्वीच्या एक दशांशावर आणली. देशातील भट्ट्यांचा खर्च वाढला, आणि जुन्या बॅटऱ्या सीमेपलीकडे, जेथे नियम सैल होते तेथे, अधिकाधिक जाऊ लागल्या. उत्तर अमेरिकेतील तीन देशांच्या पर्यावरण सहकार आयोगाने २०१३ साली आपल्या अहवालात दाखविले, की २००४ ते २०११ ह्या काळात ही निर्यात कित्येक पटींनी वाढली होती.

आणि जेथे काउंटरही नाही, भट्टीही नाही, केवळ शेगडी आहे, तेथील गोष्ट सेनेगल देशाची आहे. डाकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे अनेक वर्षे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडल्या जात आणि शिशाचे कण त्या रेताड जमिनीत मिसळत गेले. २००७ साली जगाच्या बाजारात शिशाचा भाव टनाला ३,००० डॉलरच्या वर चढला. दलालांना त्या वाळूतील शिशाचीही किंमत आली. वस्तीतील स्त्रिया ती वाळू खणून, चाळून, पोत्यांत भरून विकू लागल्या. काहींनी ती घरात साठविली. मुले त्या वाळूत खेळत होती आणि आया ती चाळीत होत्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ ह्या अवघ्या पाच महिन्यांत तेथील अठरा लहान मुले दगावली. तपासणीत त्यांच्या भावंडांच्या आणि मातांच्या रक्तात शिशाचे प्रमाण अत्यंत अधिक आढळले. शिसे रंगाने, वासाने किंवा चवीने आपली ओळख देत नाही. ते मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि झालेली हानी नंतर औषधाने भरून येत नाही. रक्तातील शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

आता आपल्या देशाकडे वळले पाहिजे, कारण हा विषय दूरच्या देशांचा नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ह्या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला आहे, की जगातील सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे; त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. ह्याची कारणे एकाहून अधिक आहेत, रंग आहेत, भांडी आहेत. परंतु बिनपरवाना चालणाऱ्या बॅटरीच्या भट्ट्या हे त्या अहवालाने सांगितलेल्या मुख्य कारणांपैकी एक आहे.

भारतात जुनी बॅटरी कोपऱ्यात पडून राहते, अशी तक्रार कोणी करणार नाही. अमेरिकन गराजप्रमाणे ती आपल्या घरी महिनोन् महिने धूळ खात बसत नाही. बॅटरीच्या दुकानात गेले की दोन भाव सांगितले जातात: जुनी दिली तर एक, न दिली तर दुसरा, चढा. हा फरक म्हणजे नाव न दिलेली अनामतच होय. पण दुकानात पोहोचण्यापूर्वी दारावर भंगारवाला येतो, तो रोख पैसे देतो, आणि पुष्कळदा दुकानदाराच्या वजावटीपेक्षा थोडे जास्तच देतो. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी त्याच्या हातगाडीवर चढते ती कोठे उतरते, हे विकणारा विचारीत नाही. दुकानात दिलेली बॅटरीदेखील परवानाधारक कारखान्यातच जाईल, ह्याची खात्री गिऱ्हाइकाला नसते. दुकानदारालाही तोच भंगारवाला चढा भाव देत असतो.

हा चढा भाव कोठून येतो, हे पाहण्यासारखे आहे. परवाना घेऊन चालणाऱ्या कारखान्याला बॅटरी बंद यंत्रात फोडावी लागते, ॲसिड चुन्याने मारावे लागते, धुराला गाळण्या लावाव्या लागतात, कामगारांच्या रक्ताची तपासणी करावी लागते आणि कर भरावा लागतो. शहराबाहेर, वीटभट्टीच्या आडोशाला किंवा नाल्याच्या काठी चालणाऱ्या भट्टीला ह्यांतील एकही खर्च नाही. तेथे बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड जमिनीवर ओततात, पट्ट्या कढईत वितळवितात. त्या भट्टीवाल्याने वाचविलेला खर्च नाहीसा होत नाही. तो शेजारच्या विहिरीवर, भाजीच्या वाफ्यावर आणि रात्री कामाचे कपडे घालून घरी जाणाऱ्या मजुराच्या लेकरांवर पडतो. त्या बचतीतून तो भंगारवाल्याला चार पैसे जास्त देतो, भंगारवाला घरमालकाला देतो. घरमालकाच्या हातात आलेले ते जास्तीचे शे-दोनशे रुपये कोणाचे, हे ह्यावरून समजावे.

म्हणून अमेरिकेत अनामतीचे जे काम आहे, तेच आपल्याकडे नाही. तिकडे पडून राहिलेली वस्तू हलविण्यासाठी ती आहे. आपल्याकडे वस्तू आपोआपच हलते. तिला दिशा लावण्यासाठी अनामत हवी. बॅटरी विकताना काही रक्कम ठेवून घेतली, आणि ती केवळ अधिकृत ठिकाणी, पावतीवरच परत मिळू लागली, तर त्या रकमेपुढे भंगारवाल्याचे चार पैसे फिके पडले पाहिजेत. रक्कम ह्याहून कमी ठेवली तर योजना कागदावर राहील. शिशाचा भाव चढला की रक्कमही चढली पाहिजे, नाहीतर थियारॉयला जे घडले तेच येथे घडेल: बाजार कायद्याच्या पुढे धावेल.

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्यासारखा आहे. ग्वाल्हेर, इंदूर किंवा हैदराबादच्या रस्त्यांवर ई-रिक्षा चालविणाऱ्याचे काय? त्याच्या रिक्षात बहुधा चार-चार शिशाच्या बॅटऱ्या असतात आणि वर्ष-दीड वर्षात त्या बदलाव्या लागतात. जुन्या बॅटऱ्यांचे जे पैसे येतात, त्यांवरच नव्यांची उभारणी होते. त्याच्या डोक्यावर आणखी अनामत लादावी काय? परंतु न्यूयॉर्क किंवा मिनेसोटाच्या कायद्यात ह्याची तरतूद आहे, ती वर आलीच: जुनी देऊन नवी घेणाऱ्याला अनामत भरावी लागत नाही. रिक्षावाला तर जुन्या चारी बॅटऱ्या रिक्षातच घेऊन दुकानात येतो. भार पडतो तो पहिल्यांदा वाहन घेणाऱ्यावर, आणि वाहनाच्या किमतीपुढे तो थोडा आहे. मात्र जुन्या बॅटरीची वजावट दुकानदाराने मन मानेल तशी ठरविली, तर रिक्षावाला भंगारवाल्याकडेच जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कायदे आपल्याकडे नव्हते असे नाही. २००१ साली बॅटऱ्यांसंबंधी केंद्र सरकारचे पहिले नियम आले. विक्रेत्याने जुनी बॅटरी घ्यावी व तिच्यापोटी वजावट द्यावी, आणि उत्पादकांनी पहिल्या वर्षी विकलेल्यांपैकी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५ आणि तिसऱ्या वर्षीपासून ९० टक्के बॅटऱ्या परत गोळा कराव्या, असे त्यांत स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्ष व्यवहार त्या आकड्यांपासून दूरच राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये ते नियम रद्द होऊन नवे आले. त्यांत बॅटरी परत येऊन तिचे पुनर्चक्रीकरण होण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि त्यासाठी बॅटरी परत खरेदी करणे किंवा अनामत ठेवून घेणे हे मार्ग त्याला मोकळे ठेवले आहेत. मोकळे ठेवले आहेत, सक्तीचे केलेले नाहीत; आणि सगळी मेख येथे आहे. जो उत्पादक अनामत लावील त्याची बॅटरी फळीवर महाग दिसेल, शेजारच्याची स्वस्त. तेव्हा एकट्याने पुढे होण्याचे धाडस कोण करणार? जर्मनीने १९९८ साली सर्वांना एकच रक्कम ठरवून दिली, म्हणून तेथे कोणाचे नुकसान झाले नाही.

अनामत भारतात चालत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. २०२२ साली निलगिरी जिल्ह्यात, जंगलात फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापू लागले म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली दारूच्या प्रत्येक बाटलीवर दहा रुपये अनामत घेण्यास सुरुवात झाली. बाटल्या परत येऊ लागल्या. ज्यांनी टाकल्या त्या दुसऱ्या कोणी वेचून आणल्या. गोवा सरकारनेही २०२४ साली बाटल्या व वेष्टणे ह्यांसाठी अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. रिकाम्या बाटलीला जी व्यवस्था लागू होऊ शकते, ती शिशाच्या पेटीला लागू करणे त्याहून सोपे आहे. बॅटरीवर क्रमांक असतो, हमीपत्र असते, आणि तिची विक्री मोजक्याच दुकानांतून होते.

तोपर्यंत ज्यांच्या घरी बॅटरी बदलावयाची वेळ आली असेल, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. जुनी बॅटरी उभी ठेवावी, आडवी करू नये. आतील ॲसिड मोरीत किंवा अंगणात ओतून वजन हलके करू नये, कारण ॲसिडाबरोबर शिशाचा गाळही बाहेर येतो. पेटीला चीर गेली असेल तर जाड प्लॅस्टिकच्या टबात ठेवून न्यावी, आणि हाताळल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी हात साबणाने धुवावेत. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी, वजावटीची रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्यावी, आणि ही बॅटरी येथून कंपनीकडे जाते की आणखी कोणाकडे, हे दुकानदाराला उघडपणे विचारावे. दहापैकी नऊ गिऱ्हाइकांनी हा प्रश्न आजवर विचारलेला नसल्यामुळे दुकानदार प्रथम चकित होईल. त्याच्या उत्तरावरून पुढच्या वेळी कोणत्या दुकानात जावे, हे ठरविता येईल.